केनियात सोलर पंप पाठवायचा विचार आहे, तिकडचा अनुभव असलेलं कुणी आहे का इथं?

कुपवाडचा_कंट्रोलरवाला (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. सोलर पंपाचे कंट्रोलर आणि पॅनेलखालचं स्ट्रक्चर बनवतो, अकरा माणसं आहेत, भाऊ वेल्डिंगचं बघतो आणि मी बाकी सगळं. 'मागेल त्याला सौर कृषीपंप' आल्यापासून काम भरपूर आहे, नाही म्हणत नाही, पण आम्ही व्हेंडर नाही, व्हेंडरच्या खालचे, त्यामुळं पैसा वरून झिरपत झिरपत आमच्यापर्यंत येईतोवर जीव जातो. एका पार्टीकडं साडेसात महिन्यांचं बिल अडकलंय. शिवाय सगळी भिस्त एका योजनेवर, उद्या ती थांबली की आम्ही पण थांबलो.

तर मागच्या महिन्यात पुण्यात एका प्रदर्शनात नैरोबीचे एक व्यापारी भेटले. मूळचे जामनगरकडचे, तिसरी पिढी तिकडं. म्हणाले ५ एचपीचा एक कंटेनर पाठवा, तिकडं सोलरला नुसती आग लागलीय, पैसे ९० दिवसांनी देतो. घरी आल्यावर मी वाचायला बसलो तर खरंच डोळे फिरले. सहारा वाळवंटाच्या खालच्या आफ्रिकेत अजून सुमारे ६० कोटी लोकांकडं वीज नाही. आणि चीनमधून आफ्रिकेत जाणारी पॅनेल जून २०२५ पर्यंतच्या एका वर्षात ६० टक्क्यांनी वाढली, १५ हजार मेगावॅटच्या आसपास गेली. म्हणजे सात-साडेसात कोयना झाल्या की राव!

वडील म्हणतात आधी तासगावची उधारी वसूल कर मग आफ्रिकेचं बघ. बायको काहीच म्हणत नाही, म्हणजे तिचाही नकारच.

मार्केट खरं आहे का? आपला ३ आणि ५ एचपीचा माल चालेल का? आणि तिथला शेतकरी पैसे कुठून आणतो, तिकडं अनुदान आहे का आपल्यासारखं? कुणी जाऊन राहून आलं असेल तर प्लीज सांगा, गुगलवरचं सगळं वाचून झालंय.

रिटायर्ड_वायरमन_सातारा (सोमवार, रात्री ११:१५)

पॅनेलचा मेगावॅट आणि कोयनेचा मेगावॅट एक नसतो बाळा. पॅनेलवरचा आकडा भर दुपारचा, कडक उन्हातला. रात्री शून्य. कोयना १९६० मेगावॅटची आहे ती बटण दाबलं की मध्यरात्री पण देते, पाणी असेल तर. बाकी उद्या लिहितो, झोपायची वेळ झाली.

कराडचा_पाहुणा (मंगळवार, सकाळी ७:०५)

मी २०१५ ते २०१९ केनियात होतो, आधी मेरूकडं आणि नंतर किसुमूला, सोलर आणि पंप विकणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिसचं काम बघायचो. आता कराडातच असतो. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे ५ एचपी डोक्यातून काढून टाका. आपल्याकडं ३, ५, साडेसात का? कारण योजनेत जमिनीवर ठरवलंय, अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५ आणि त्याच्या वर साडेसात. आणि जत-आटपाडीला बोअरचं पाणी कुठं खोल गेलंय ते तुम्हाला मी सांगायला नको. तिकडं मी ज्या शेतकऱ्यांच्यात फिरलो त्यांच्याकडं अर्धा एकर, एक एकर, त्यात सुकुमा विकी म्हणजे आपल्या कोबीच्या जातीची पालेभाजी, टोमॅटो, कांदा, आणि मेरूकडं फरसबी, ती युरोपात जाते. व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला हातानं खणलेल्या विहिरीला वीस-तीस फुटांवर पाणी. आजपर्यंत हा माणूस बादलीनं नाहीतर पायानं मारायच्या पंपानं पाणी घालत आला. तो पायाचा पंप 'मनीमेकर' नावानं गावोगाव विकला गेलाय, दोन पायांनी जिना चढल्यासारखं मारत राहायचं. नाहीतर मग भाड्यानं पेट्रोलचा पंप. त्याला ५ एचपी देऊन काय करायचं, दहा मिनिटांत विहीर कोरडी आणि पंप गरम.

तिकडं चालतो तो बारका पंप. फ्युचरपंपचं पहिलं मॉडेल फक्त ८० वॉटच्या पॅनेलवर चालायचं, एवढंसं चाक आणि पिस्टन, कुणीही उघडून दुरुस्त करावं असं. गंमत म्हणजे कंपनी ब्रिटिश, विक्री किसुमूतून आणि पंप बनतो भारतात. सनकल्चर नावाची केनियाचीच कंपनी आहे, तिचा पंप पण घरावरच्या एक-दोन पॅनेलएवढ्यावर चालतो आणि त्याच पॅकेजमध्ये घरातले बल्ब, मोबाईल चार्जिंग. त्या नैरोबीच्या शेठजींना ५ एचपी कुणाला विकायचाय ते विचारा. फुलांचे मळेवाले, शाळा, गावाची पाण्याची टाकी, उत्तरेकडं गुरांच्या बोअरवर, असली गिऱ्हाइकं आहेत, नाही असं नाही, पण ती टेंडरवाली आहेत. म्हणजे परत तुमचं तेच, वरून खाली झिरपणारं.

दुसरी गोष्ट, तुम्ही अनुदान विचारलंत. शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे आणि बाकी सरकारनं, असलं तिथं नाही. तिथं सगळा खेळ हप्त्याचा आहे आणि तो हप्ता मोबाईलवर. २००७ ला सफारीकॉमनं एम-पेसा काढलं, आपल्याकडं यूपीआय यायच्या नऊ वर्षं आधी, आणि ते साध्या बटणाच्या फोनवर. टपरीवर जाऊन रोख द्यायची, फोनमध्ये पैसे येतात, तिथून कुणालाही पाठवा. याच्यावर मग २०१२ च्या सुमाराला एम-कोपा उभी राहिली. कोपा म्हणजे स्वाहिलीत उसनं घेणं. छपरावर ८ वॉटचं पॅनेल, दोन-तीन बल्ब, टॉर्च, रेडिओ, मोबाईल चार्जिंग. सुरुवातीला तीन हजार शिलिंगच्या आसपास भरायचे आणि मग रोज ४०-५० शिलिंग, वर्षभर. त्या वेळच्या हिशोबानं रोजचे पंचवीस-तीस रुपये. तुम्ही म्हणाल एवढ्याशा पॅनेलला वर्षाला वीस हजार शिलिंग म्हणजे लूट आहे. पण तो माणूस आधी तेवढेच रॉकेलच्या चिमणीला आणि बाजारात जाऊन मोबाईल चार्ज करायला घालवत होता, फक्त सुटे सुटे.

पैसे नाही भरले की पेटी बंद. आत सिमकार्ड असतं, कंपनी नैरोबीत बसून लॉक करते. काही कंपन्यांच्या पेटीवर आकड्यांची बटणं असतात, पैसे भरले की मेसेजवर कोड येतो, तो दाबला की तेवढे दिवस चालू. सगळे हप्ते फिटले की कायमचं खुलं.

आता यात माझं काम काय होतं ते सांगतो म्हणजे तुम्हाला मार्केट कळेल. होमा बेच्या बाजूला आमचा एक गिऱ्हाईक होता, शाळामास्तर, टोमॅटो करायचा. हप्ता कधी चुकला नाही. एकदा पंपाचा कंट्रोलर गेला. माझा माणूस जाईपर्यंत नऊ दिवस लागले, पार्ट मोंबासाच्या बंदरात अडकलेला. नऊ दिवस उन्हात टोमॅटो, फळ धरायच्या वेळेला! मास्तरनं हप्ता बंद केला. आम्ही ऑफिसातून लॉक केलं. त्यानं फोन करून सांगितलं, बंद पडलेली वस्तू तुम्ही लॉक करताय, करा. पंप दुरुस्त झाल्यावर पण तो पैसे द्यायला तयार नव्हता आणि त्याच्याकडं बघून आळीतले आणखी चौघं थांबले. वसुलीचा माणूस आणि सर्व्हिसचा माणूस आमच्याकडं वेगवेगळ्या खात्यात होते, वेगवेगळ्या मजल्यावर बसायचे. माझ्या मते तिथंच सगळं चुकत होतं. पंप बंद म्हणजे हप्ता बंद, एवढंच गणित आहे तिकडचं, पॅनेल कितीला विकलं ते नाही. मोबिसोल नावाची जर्मन कंपनी होती, मोठं नाव, २०१९ ला दिवाळखोरीत गेली आणि फ्रान्सच्या एन्जीनं घेतली. विक्री करून पैसा येत नाही, गोळा करून येतो आणि गोळा करायला माणूस गावात पाहिजे.

बघा, मी निराश करत नाहीये. मार्केट आहे. पण ते कंटेनरचं नाही.

कुपवाडचा_कंट्रोलरवाला (मंगळवार, दुपारी १:२०)

दादा खूप खूप आभार, हे कुठल्याच वेबसाईटवर नव्हतं. म्हणजे ५ एचपी गेलाच म्हणायचा. पण मग एवढी पॅनेल जातायत ती कुठं? सगळी बारक्या पेट्यांत तर नाही ना जाणार १५ हजार मेगावॅट.

आणि काका, मेगावॅटचं मान्य, कान धरले.

इस्लामपूर_ते_लागोस (मंगळवार, दुपारी ३:५०)

पॅनेल कुठं जातायत ते मी सांगतो, माझ्या खिडकीतून दिसतायत. नायजेरियात आहे सहा वर्षं, औषधांच्या कंपनीत, सोलरशी संबंध नाही पण घराच्या छतावर लावलंय.

इकडं खेड्यात काय शहरात काय, वीज असली तरी नसतेच. प्रत्येक दुकानाबाहेर बारका जनरेटर, त्याला लोक म्हणतात 'आय बेटर पास माय नेबर', म्हणजे शेजाऱ्यापेक्षा मी बरा 😄. आपल्याकडं गॅलरीत मोठा फ्रीज दिसला की जसं बोलतात तसं. मे २०२३ च्या शेवटाला नवीन राष्ट्राध्यक्षांनी पेट्रोलवरची सबसिडी काढली, दोनशे नायराच्या आतलं पेट्रोल एका झटक्यात पाचशेच्या आसपास गेलं आणि नंतर अजून वर. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतला शिंपी म्हणाला आता मशीन सूर्यावर चालवायची. कुणी पर्यावरणाच्या प्रेमानं लावत नाहीये हो, पेट्रोल परवडत नाही म्हणून लावतायत.

खेड्यात इथं वेगळा प्रकार जास्त दिसतो, मिनी-ग्रिड. गावाबाहेर पॅनेलचं एक शेत, बॅटऱ्यांची खोली आणि गावातल्या गावात तारा. हस्क पॉवर नावाची कंपनी यात आहे, ती मूळची आपल्या बिहारची, भाताच्या तुसावर वीज करायची, २०२१ पासून इकडं. नियम पण बरे आहेत, २०१६ लाच ठरवून टाकलंय की उद्या सरकारी तार गावात आली तर मिनी-ग्रिडवाल्याला भरपाई मिळणार किंवा त्यानं सरकारी वीज घेऊन वाटायची. हा नियम नसता तर कोण पैसे घालणार? वर्ल्ड बँकेनं २०२३ च्या डिसेंबरात ७५ कोटी डॉलर मंजूर केलेत, मिनी-ग्रिड आणि घरगुती सोलर मिळून पावणेदोन कोटी लोकांपर्यंत न्यायचं ठरलंय.

पण युनिटचा दर शहरातल्या सरकारी विजेपेक्षा कितीतरी जास्त. लोक देतात कारण जनरेटरपेक्षा स्वस्त. फक्त बल्ब लावून मिनी-ग्रिडला पैसा सुटत नाही, दिवसा वीज खाणारं कुणीतरी गावात लागतं, पिठाची गिरणी, वेल्डिंगवाला, मोबाईलचा टॉवर, बर्फ. तुमचा भाऊ वेल्डिंग करतो ना, त्याला पाठवा, तो इकडं हिरो होईल.

रिटायर्ड_वायरमन_सातारा (मंगळवार, रात्री ८:३०)

हां, आता लिहितो. ३४ वर्षं खांबावर काढली, त्यातली बरीच पाटण-सातारा भागात. चाळकेवाडी, वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा आम्ही तिथंच होतो. खालच्या वाडीतल्या बाया विचारायच्या, ते पंखं फिरत्यात ती लाईट आमच्यात का येत न्हाई. काय सांगणार? लाईट वरच्या वर जाती, तुमच्या डोक्यावरनं जाती, पण तुमच्यात उतरायला डीपी पायजे आणि डीपीला पैसा पायजे.

तसंच केनियात झालंय ते वाचलं मी. तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्या, ३१० मेगावॅट. पंखे २०१७ लाच उभे, पण चारशे किलोमीटरच्या वर लांबीची लाईन तयार नाही, ती झाली २०१८ ला. तोवर वारं फुकट आणि सरकारला दंड. आणि जमिनीवरनं कोर्टात गेले तिथले धनगर, उंट-शेळीवाले, २०२१ ला कोर्टानं सांगितलं की जमिनीची कागदपत्रं नियमाला धरून नव्हती. वाचून मला वनकुसवड्याचीच आठवण झाली, सातबारा, एजंट, ते सगळं.

दुसरं म्हणजे तुम्ही सगळे क्लीन क्लीन म्हणताय. केनियाची ग्रिडवरची वीज आधीच जवळजवळ सगळी क्लीन आहे. जमिनीतल्या वाफेवर चालते, ओल्कारियाला, शिवाय धरणं आणि वारा. त्यांची अडचण स्वच्छतेची नाही, तारेची आहे. सांगलीतला माणूस क्लीन विकायला गेला तर लोक म्हणतील आमच्यात येतीय तेवढी स्वच्छच आहे, आमच्या घरापर्यंत आणा. आणि खरं सांगू का, दोन बल्ब आणि रेडिओ म्हणजे वीज आली असं मी नाही म्हणत. फ्रीज चालला, गिरणी चालली, मग वीज आली. गरिबाला बारकी वीज आणि श्रीमंताला जाड वीज असं कायमचं होऊन बसायला नको.

कराडचा_पाहुणा (मंगळवार, रात्री ९:१०)

काका, मुद्दा बरोबर आहे पण तार येईपर्यंत पोरांनी चिमणीखालीच अभ्यास करायचा का? आणि केनियात आता तीन-चतुर्थांश लोकांपर्यंत वीज गेलीय, तरी सोलर विकलं जातंय, कारण तार आलेल्या घरात पण भरवसा नाही. ज्याच्या घरात तार आहे तो सुद्धा एक बारकी पेटी ठेवतो. आपल्याकडं इन्व्हर्टर ठेवतो तसं.

आणि बारक्या विजेचं म्हणाल तर एम-कोपानं पुढं काय विकलं माहितीये? मोबाईल. त्याच हप्त्यावर, तेच लॉक. पेटी फिटलेला माणूस म्हणजे वर्षभर रोज पैसे भरल्याचा पुरावा, त्याला पुढची वस्तू द्यायला कंपनी तयार. गरीब माणसाची पत पहिल्यांदा कागदावर आली ती बल्बमुळं. हे मला तरी मोठं वाटतं.

पतसंस्थेतला_माणूस (बुधवार, सकाळी ११:००)

मला सोलरमधलं काही कळत नाही, तासगावात पतसंस्थेत वसुली बघतो सोळा वर्षं, त्यामुळं मी फक्त पैशाचं बोलणार.

ओपी (म्हणजे हा धागा काढणारा), ९० दिवसांच्या उधारीवर कंटेनर? अनोळखी माणसाला? भावा, आम्ही इथं बेदाणा स्टोरेजला असल्याची पावती हातात घेतल्याशिवाय दमडी देत नाही आणि तू मोंबासाला माल सोडतोस. पहिल्या ऑर्डरला तरी निम्मा ॲडव्हान्स नाहीतर एलसी, म्हणजे त्याच्या बँकेची पैशाची हमी. आणि उधारी द्यायचीच असेल तर ईसीजीसीचा विमा काढ, सरकारी कंपनी आहे, परदेशातला गिऱ्हाईक बुडाला तर बऱ्यापैकी भरून मिळतं. त्या पार्टीची चौकशी पण ते करतात, एवढ्यासाठी तरी जा.

दुसरं, चलन. केनियाचा शिलिंग २०२४ च्या सुरुवातीला डॉलरला १६० पर्यंत गेला होता, काही महिन्यांत परत १३० वर आला. आता समज तिथल्या व्यापाऱ्यानं तुझा माल शिलिंगमध्ये दीड वर्षाच्या हप्त्यावर विकला आणि तुला डॉलरमध्ये देणं आहे. शिलिंग पडला की त्याचा नफा गेला, मग तो पहिला कुणाचे पैसे थांबवणार? तुझे. नायजेरियाचं तर विचारूच नकोस, २०२३ ला नायरा मोकळा सोडला आणि आपटला. तिकडच्या किती कंपन्यांचं कर्ज डॉलरमध्ये आणि वसुली गावातल्या चिल्लरमध्ये असणार, विचार कर. धंदा चांगला असून माणूस मरतो असल्या ठिकाणी.

कर पण बदलत राहतो. केनियानं २०२० ला सोलरच्या मालावर व्हॅट लावला आणि २०२१ ला परत काढला. माल बोटीत असताना बजेट आलं तर? शिवाय माल निघायच्या आधी त्यांच्या मानक खात्याची तपासणी असते, पीव्हीओसी म्हणतात, ते सर्टिफिकेट नसलं की बंदरातच अडकतं.

आणि त्या लॉकचं. आमच्या वसुलीच्या पोरांना दाखवलं तर ते खूष झाले, म्हणाले साहेब असं बटण आपल्याला पाहिजे. मला मात्र ते पटलं नाही. आम्ही थकबाकीदाराच्या दारात जातो तेव्हा कळतं की घरात आजारपण आहे का नवीन बुलेट आहे. बटणाला ते कळत नाही. पाहुण्यांनी मास्तरचं सांगितलं ते अगदी तेच.

माणची_लेक (बुधवार, दुपारी ४:१५)

मी म्हसवडजवळच्या गावात बचत गटांचं काम करते. माझी नणंद किसुमूकडं आहे, तिचे मिस्टर साखर कारखान्यावर केमिस्ट, आपल्या भागातली बरीच माणसं तिकडच्या कारखान्यांवर आहेत हे इथं कुणी बोललंच नाही! ओपी दादा, नैरोबीच्या शेठजींपेक्षा आधी त्या लोकांना फोन करा, वाळव्या-कराडचं कुणीतरी सापडेलच.

मी गेल्या वर्षी सव्वा महिना राहून आले तिच्याकडं. तिथं बायकांचा 'चामा' असतो, म्हणजे हुबेहूब आपली भिशी. दर आठवड्याला जमायचं, पैसे टाकायचे, एकीला उचल द्यायची. नणंदेकडं कामाला येणाऱ्या मावशींनी सोलर पेटीचं सुरुवातीचं डिपॉझिट चामातूनच भरलं होतं. आणि हप्ता चुकायची वेळ आली तर चामातल्या बायका आधी विचारायला येतात, कंपनी नंतर. पतसंस्थावाल्या दादांना बटणाला कळत नाही म्हणायचंय ना, ते चामाला कळतं.

पण एक खटकलं. पाणी बादलीनं कोण घालतं? बाई. पंप कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या, कारण सिमकार्ड त्याच्या नावावर आणि जमीन पण. मावशींच्या घरात नवरा रागावून फोन घेऊन गेला तर चार दिवस अंधार, कारण कोड त्याच्या फोनवर येतो. पेटी बनवणाऱ्यांनी हे डोक्यातच घेतलं नसेल. आणि तुम्ही सगळे पुरुष मंडळी बल्ब आणि पंपावर बोलताय, चुलीचं कुणी नाव काढलं नाही. आफ्रिकेत शंभर कोटींच्या जवळपास लोक अजून लाकूड-कोळशावर स्वयंपाक करतात, विजेविना असलेल्यांपेक्षा जास्त! मावशी 'जिको'वर करायच्या, पत्र्याची शेगडी, आत मातीचं अस्तर, कोळसा कमी लागतो म्हणायच्या, पण धूर तो धूरच. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं समजा, ते घोटायला इतका वेळ विस्तवापुढं बसायचं की डोळे चुरचुरतात. बल्ब दोन तास लागतो, चूल सहा तास. मग मोठं मार्केट कुठलं, तुम्हीच सांगा.

कराडचा_पाहुणा (बुधवार, संध्याकाळी ६:००)

ताई, चार वर्षं राहून मला फोन नेल्याचं कधी सुचलं नाही. आम्ही रेकॉर्डवर 'ग्राहक फोन उचलत नाही' एवढंच लिहायचो.

जत_तालुका_वारियर (बुधवार, रात्री ९:४५)

आधी जतला पाणी द्या मग आफ्रिकेला पंप विका 🙏

रिटायर्ड_वायरमन_सातारा (बुधवार, रात्री १०:०२)

याला प्रत्येक धाग्यावर हेच सुचतं. (पण खरंय.)

कुपवाडचा_कंट्रोलरवाला (साधारण महिन्यानं, रविवार, सकाळी ९:३०)

मंडळी, उशीर झाला, मध्ये दिवाळीच्या आधीची घाई होती. अपडेट देतो.

शेठजींना कंटेनर नाही म्हणून कळवलं. जरा नाराज झाले, मग मी म्हटलं तुमच्या ओळखीत बारके सोलर पंप विकणारे कुणी असतील आणि त्यांचे बंद पडलेले कंट्रोलर पडून असतील तर चार-पाच मला पाठवा, भाडं मी देतो. त्यांना वाटलं मी वेडा आहे. पण पाठवले, कुणीतरी राजकोटला येणार होतं त्याच्या बॅगेतून पाच आले.

उघडले. एकात मुंग्यांनी अख्खं घर केलेलं, सर्किटवर माती. दोनांत केबल आत येते तिथलं रबर उन्हानं फुटलेलं आणि तिथून पाणी. एकाला पॅनेलच्या वायरी उलट्या लावून जाळलेला. पाचव्याला काहीच झालेलं नाही, नुसता लॉक! ते बघून पाहुण्यांच्या मास्तरची आठवण झाली. मुंग्या आणि रबर तर आमच्याकडं आटपाडीला रोजचं आहे, त्याच्यावर आम्ही दोन वर्षांपूर्वीच उपाय केलाय, खालून केबल आणि जाळी, साडेबारा रुपयांचा खर्च. वायर उलटी लागली तरी जळू नये याचं पण सर्किट आहे आमच्याकडं. भाऊ म्हणाला हे तर आपलंच काम आहे की.

तर ठरलंय असं की माल विकायचा नाही आत्ता. ८० ते ४०० वॉटच्या पंपाला बसेल असा कंट्रोलर बनवतोय, झाकण चार स्क्रूचं, आतलं कार्ड साध्या माणसाला बदलता येईल असं. वीस पीस घेऊन मी स्वतः जाणार, आधी किसुमू. माणच्या ताईंनी नणंदेचा नंबर दिलाय (खूप आभार ताई), तिथं कारखान्यावर वाळव्याचे एक इलेक्ट्रिकल फोरमन निघाले, ते आठ दिवस राहायला या म्हणालेत. ईसीजीसीच्या ऑफिसला पण जाऊन आलो. वडिलांनी विचारलं तिकीट किती, सांगितलं, ते उठून बाहेर गेले. बायको म्हणाली वीसच नेताय ना, मग जा.

दोन शंका राहिल्यात. सामानात सर्किट आणि सोल्डरिंगचं साहित्य न्यायला कस्टमला काही कागद लागतो का? आणि पिवळ्या तापाची लस किती दिवस आधी घ्यायची, सांगलीत मिळते का?

कराडचा_पाहुणा (रविवार, सकाळी ९:५५)

लस कमीत कमी दहा दिवस आधी, त्याच्या आत घेतली तर कार्ड चालत नाही, आणि परत येताना मुंबईत पिवळं कार्ड बघतात, नसेल तर बाजूला काढून ठेवतात. मी पुण्याला घेतली होती, आधी फोन करून वार विचारून जा, रोज नसते. कस्टमचं, पीसची यादी किमतीसकट छापील ठेव आणि वीसच्या वीस एका बॅगेत घालू नकोस. शिवाय सुटे रबर जास्त ने, ते तिकडं मिळत नाहीत.